चेहऱ्याशिवाय स्वतःचा फोटो : रोजच्या वस्तूंचे क्लोज-अप कसे काढायचे

स्वतःचा फोटो म्हटलं की हात लांब करून, हनुवटी जराशी उचलून काढलेला चेहराच डोळ्यांसमोर येतो. पण कॅमेरा समोर आला की चेहरा सावरून बसतो. पाकिटाला, चष्म्याला, बुटाच्या टाचेला ते जमत नाही. ही सगळी मंडळी वर्षानुवर्षं तुमच्या हाताखाली, पायाखाली झिजत आलेली असतात आणि ती झीज फोटोसाठी पवित्रा बदलत नाही. अशा वस्तूंचे अगदी जवळून फोटो काढून त्यांतून स्वतःचं व्यक्तिचित्र कसं उभं करायचं, ते इथे पायरीपायरीने सांगायचं आहे. मोबाईल, एक खिडकी आणि दोन-तीन कोरे कागद हाताशी असले तरी सुरुवात होते.

पुढच्या सगळ्या पायऱ्या एका गोष्टीवर उभ्या आहेत, म्हणून ती आधी सांगायला हवी. फोटो वस्तूचा काढायचा नाही, वापराचा काढायचा. नवाकोरा कप कुणाचाही असू शकतो. ज्याच्या कानावरचा रंग एकाच बोटाच्या जागी उडालाय आणि ज्याच्या काठावर एकाच बाजूला टवका निघालाय, तो कप एकाच माणसाचा असतो. ही गोष्ट पटली की कोणती वस्तू घ्यायची, उजेड कुठून पाडायचा, किती जवळ जायचं, ही उत्तरं बरीचशी आपोआप मिळू लागतात.

या वाटेने पूर्वी बरेच मोठे लोक गेले आहेत. चित्रकार विन्सेंट व्हॅन गॉगने १८८८ मध्ये फ्रान्समधल्या आर्ल इथे स्वतःची खुर्ची रंगवली. गवती बैठकीवर पाइप आणि तंबाखू ठेवलेली, मागच्या खोक्यावर ‘विन्सेंट’ ही सही. माणूस चित्रात नाही, पण चित्र त्याचंच आहे. छायाचित्रकार आंद्रे केर्टेझ यांनी १९२६ मध्ये पॅरिसमध्ये चित्रकार मोंद्रियानच्या स्टुडिओतला चष्मा आणि पाइप टिपला. सोल लेविट या अमेरिकन कलावंताने तर १९८० मध्ये स्वतःचं आत्मचरित्र म्हणून घरातल्या वस्तूंचे हजाराहून अधिक कृष्णधवल फोटोच छापले : नळ, हत्यारं, कपडे, पुस्तकं, एका पानावर नऊ-नऊ चौकोन. आणि जपानच्या छायाचित्रकार इशिउची मियाको यांनी आईच्या निधनानंतर तिच्या वस्तूंचे फोटो काढले. त्यांत अर्धवट वापरलेल्या लिपस्टिक होत्या, अंतर्वस्त्रं होती, कवळी होती. ती मालिका २००५ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात जपानच्या दालनात मांडली गेली. हे फोटो एकदा नीट बघा. लिपस्टिकचं टोक ज्या तिरक्या कोनात झिजलंय, तो कोन त्या एका बाईच्या मनगटाचा आहे.

पहिली पायरी : वस्तू शोधा

कॅमेरा अजून बाहेर काढू नका. एक अख्खा दिवस खिशात कागद ठेवा आणि ज्या ज्या वस्तूला हात लागेल तिचं नाव लिहीत जा. सकाळी उठल्यावरचा अलार्म बंद करण्यापासून रात्री दिवा घालवण्यापर्यंत सगळं. यादी तुमच्या अंदाजापेक्षा बरीच लांब होईल, आणि तिच्यात अशा गोष्टी येतील ज्या ‘माझ्या आवडत्या वस्तू’ असं ठरवून लिहिल्या असत्या तर कधीच आल्या नसत्या. रिमोट, दाराची कडी, चार्जरची वायर, नेलकटर.

रात्री यादीवर काट मारायला बसा. जी वस्तू दुसऱ्या कुणाकडे असती तरी अशीच दिसली असती, ती गेली. जी वस्तू लोकांनी आपल्याला अमुक समजावं म्हणून यादीत घुसली आहे, तीही गेली. इथे मन जरा घट्ट करावं लागतं. कपाटावरची ट्रॉफी, वर्षभरात उघडलं नाही असं जाडजूड पुस्तक, कोपऱ्यात उभं केलेलं वाद्य... तारांवर बोटांच्या खुणा नसतील तर ते वाद्य तुमच्याबद्दल काही बोलणार नाही. उरलेल्या वस्तूंपैकी ज्यांच्यावर तुमची खूण आहे, त्या दहा-बारा बाजूला काढा.

खूण म्हणजे काय, हे थोडं उलगडून सांगणं गरजेचं आहे, कारण नवख्या माणसाची नजर आधी वस्तूच्या आकारावर जाते आणि खुणा निसटतात. चामड्याचा कमरपट्टा घ्या. रोज बक्कल ज्या भोकात अडकतं, त्या भोकाचा गोल ताणून लांबट झालेला असतो आणि बक्कलाच्या दांडीने तिथे एक आडवी घडी पडलेली असते. आता शेजारची भोकं बघा. बहुतेक वेळा तिथेही अशीच एक फिकट, जुनी घडी सापडते. मधल्या काळात कंबर दोन बोटं वाढली किंवा कमी झाली, ती गोष्ट त्या चार सेंटिमीटर चामड्यात लिहिलेली असते. एखादं भोक घरीच खिळ्याने पाडलेलं असेल, जरा वाकडं, बाकीच्यांच्या रांगेतून सटकलेलं, तर फोटो तुमच्यासाठी तयारच आहे.

अशाच जागा इतरत्रही मिळतात. कीबोर्डच्या स्पेसबारवर अंगठा पडतो तेवढाच तुकडा तकतकीत होतो. जुडग्यातली एकच किल्ली घासून चकाकते, बाकीच्या निस्तेज. टूथब्रशचे केस एका बाजूला फाकतात. चष्मा एका हाताने ओढून काढण्याची सवय असेल तर एक काडी सैल होते. पेन्सिलीच्या मागच्या टोकावर दातांचे ठसे. बुटाची टाच बाहेरच्या बाजूने जास्त झिजलेली की आतल्या, यावरून चालण्याची ढब कळते. डावखुऱ्या माणसाच्या वस्तू तर उजव्या हाताच्या जगात सतत उलट्या बाजूने झिजतात. तुम्ही डावखुरे असाल तर कात्री आणि माउस यांच्यापासूनच सुरुवात करा.

दुसरी पायरी : वस्तू वाचा, पण पुसू नका

एकेक वस्तू हातात घ्या, नेहमी धरता तशीच धरा आणि बोटं कुठे टेकतात ते पाहा. झीज बहुधा तिथेच असते. मग खोलीत अंधार करून छोटी टॉर्च वस्तूच्या अगदी बाजूला, पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर धरा आणि हळूहळू फिरवा. समोरून उजेड टाकल्यावर जे चरे दिसतच नव्हते, ते एकदम उठून येतील. कुठल्या दिशेने टॉर्च धरल्यावर खूण सगळ्यांत ठळक दिसली, हे लक्षात ठेवा. खिडकीशी बसल्यावर वस्तू त्याच दिशेने ठेवायची आहे.

साफसफाईचा मोह इथे हटकून होतो. फोटो काढायचाय म्हटलं की हात आपोआप फडक्याकडे जातो आणि नेमकं जे टिपायचं तेच पुसलं जातं. फरक एवढाच लक्षात ठेवा : वर बसलेली धूळ, कापसाचे तंतू, केस हे कालचे पाहुणे आहेत, ते मऊ ब्रशने किंवा हवेच्या रबरी पंपाने उडवून द्या, कारण क्लोज-अपमध्ये धुळीचा कणसुद्धा खड्याएवढा दिसतो. पण चष्म्याच्या नाकपट्टीशी साठलेला हिरवट थर, पेनाच्या पकडीवरचा मळ, रिमोटच्या बटणावरून पुसट झालेला आकडा, यांना हात लावायचा नाही. ओलं फडकं नको, पॉलिश तर नकोच.

प्रत्येक वस्तूसाठी कागदावर एक साधं वाक्य लिहा : ‘या वस्तूवर माझं काय उमटलंय?’ उत्तर एका वाक्यात येत नसेल तर ती वस्तू तूर्त बाजूला ठेवा. ‘हे घड्याळ बाबांनी दिलं’ हे उत्तर नव्हे, कारण ते फोटोत दिसणार नाही. ‘पट्ट्याच्या आतल्या बाजूला घामाचा काळपट डाग मनगटाच्या हाडापाशी आहे’ हे उत्तर झालं.

तिसरी पायरी : हातातला कॅमेरा ओळखा

मोबाईलने काम होतं. फक्त त्याची मर्यादा माहीत हवी. मुख्य लेन्स मॉडेलनुसार साधारण १० ते २५ सेंटिमीटरपेक्षा जवळच्या गोष्टीवर फोकस करत नाही. त्याहून जवळ गेलात की बरेच नवे मोबाईल आपणहून अल्ट्रावाइड, म्हणजे खूप रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सवर उडी मारतात, आणि ती दोन-तीन सेंटिमीटरवरूनही फोकस करते. यात दोन अडचणी येतात. एक, इतक्या जवळ गेल्यावर मोबाईलचीच सावली वस्तूवर पडते. दोन, वाइड लेन्स आकार ताणते, त्यामुळे कपाचा काठ फुगलेला आणि पेन एखाद्या खांबासारखं दिसू लागतं. माझं मत असं की सुरुवातीला मुख्य लेन्सने थोडं मागून फोटो काढावा आणि नंतर कापून घ्यावा. १२ मेगापिक्सलचा फोटो साधारण ४००० गुणिले ३००० पिक्सलचा असतो. लांबी-रुंदी निम्मी केली तरी २००० गुणिले १५०० पिक्सल उरतात, म्हणजे १७ गुणिले १२ सेंटिमीटरची स्वच्छ प्रिंट. काही स्वस्त मोबाईलमध्ये २ मेगापिक्सलची वेगळी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स दिलेली असते, तिच्यापेक्षा हा मार्ग जवळपास नेहमीच सरस ठरतो. दुप्पट झूमची स्वतंत्र लेन्स असेल तर तीही वापरून बघा, आकार नैसर्गिक राहतात.

आणि फोटो काढण्याआधी मोबाईलची लेन्स पुसा. वस्तू नाही, लेन्स.

लेन्स बदलता येणारा कॅमेरा असेल तर खरी मॅक्रो लेन्स म्हणजे १:१ वाली. तिच्यात वस्तू सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या भागावर, आहे त्याच आकाराची उमटते, त्यामुळे ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा सेन्सर असलेल्या, म्हणजे फुल-फ्रेम कॅमेऱ्यात तेवढाच तुकडा अख्खी चौकट व्यापतो. ती विकत घेण्याची घाई नको. नेहमीच्या लेन्समागे लावायची पोकळ एक्स्टेन्शन ट्यूब किंवा पुढे स्क्रूने बसणारा क्लोज-अप फिल्टर बराच स्वस्त पडतो. फिल्टरवर +१, +२, +४ असे आकडे असतात. लेन्सचा फोकस अनंतावर, म्हणजे अगदी दूरवर ठेवला तर +२ ने साधारण ५० आणि +४ ने २५ सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट होते.

चौथी पायरी : उजेड

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. झिजेचा फोटो म्हणजे उंच-सखलपणाचा फोटो, आणि उंच-सखलपणा फक्त सावलीमुळे दिसतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून पडतो, सावली वस्तूच्या मागे लपते आणि सगळं सपाट होतं. म्हणून फ्लॅश बंद.

खिडकी एका बाजूला येईल असं टेबल लावा. थेट ऊन नको. ऊन येत असेल तर खिडकीवर पातळ पांढरा कापड किंवा ट्रेसिंग पेपर लावा. खोलीतले दिवे घालवा. हे लोक विसरतात आणि मग रंग का बिघडला म्हणून चक्रावतात : उजेडाची रंगछटा केल्विनमध्ये मोजतात, दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा, पिवळसर बल्बचा २७०० च्या आसपास. दोन्ही एकत्र आले की वस्तूची एक बाजू निळी आणि दुसरी नारिंगी दिसते, आणि नंतर कितीही खटपट केली तरी दोन्ही बाजू एकदम सुधारत नाहीत.

आता वस्तू खिडकीजवळ ठेवून गोल फिरवा. उजेड पृष्ठभागाला घासून गेला पाहिजे, १० ते २० अंशांच्या कोनात. चामडं, लाकूड, कापड, कागद यांच्यासाठी हाच उजेड. सावल्या फारच काळ्या होत असतील तर खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा कागद उभा करा आणि तो पुढेमागे सरकवत राहा. कागद एक वीत सरकला तरी चित्राची भाषा बदलते. उलट, खुणा पुरेशा ठळक वाटत नसतील तर त्याच जागी काळा कागद उभा करा. परत येणारा उजेड तो खातो आणि सावली गडद होते. या दोन कागदांवर इतकं काही करता येतं की दिव्यांच्या खरेदीचा विचार निदान पहिल्या वर्षी तरी मनात आणू नये.

धातू आणि काच यांचा मामला वेगळा. त्यांच्या पृष्ठभागावर मुख्यतः आसपासच्या गोष्टींचं प्रतिबिंब दिसतं. चमच्याचा फोटो काढताना तुम्ही खरं तर चमच्यात दिसणाऱ्या खोलीचा फोटो काढत असता. म्हणून वस्तूभोवती ट्रेसिंग पेपरचा छोटा तंबू करा, म्हणजे प्रतिबिंबात फक्त पांढरा रंग येईल आणि चरे त्यावर बारीक रेघांसारखे उमटतील. कॅमेऱ्याचं स्वतःचं प्रतिबिंब पडत असेल तर काळ्या पुठ्ठ्याला लेन्सएवढं भोक पाडून त्यातून फोटो काढा. काच, प्लास्टिक, लाखेचा मुलामा यांवरची झळाळी पोलरायझर फिल्टरने कमी होते. उघड्या धातूवर त्याचा उपयोग होत नाही.

प्रतिबिंब नेहमी घालवलंच पाहिजे असं मात्र नाही. चष्म्याच्या काचेत खिडकी आणि तिच्यापुढे वाकलेली तुमची छोटीशी आकृती दिसत असेल, तर तो फोटो ठेवा. संपूर्ण मालिकेत एकदाच, तेही शोधल्याशिवाय सापडणार नाही असं तुमचं दर्शन घडलं तर छान वाटतं. दोनदा घडलं की ती युक्ती होते.

पाचवी पायरी : स्थिर राहा, फोकस नेमका ठेवा

इतक्या जवळून फोटो काढताना स्पष्ट दिसणारी पट्टी फारच अरुंद असते. फुल-फ्रेम कॅमेऱ्यात १:१ ला, लेन्सचं छिद्र एफ/८ इतकं मध्यम उघडं असताना, ती जेमतेम १ मिलिमीटर भरते. अर्ध्या आकाराला, म्हणजे १:२ ला, तिपटीच्या आसपास. मोबाईलचा सेन्सर लहान असल्यामुळे तिथे थोडी जास्त सूट मिळते, पण हात हलला तर तीही पुरत नाही. ट्रायपॉड असेल तर उत्तम, नसेल तर पुस्तकांच्या दोन ढिगांवर मोबाईल आडवा टेकवा आणि वस्तू खाली ठेवा. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबण्याचा धक्का बसणार नाही.

फोकस कशावर? जिथे खूण आहे तिथे. हे उघड वाटतं, पण मोबाईल सगळ्यांत जवळच्या किंवा सगळ्यांत चकचकीत गोष्टीवर फोकस करतो, आणि झिजलेली जागा बहुधा दोन्ही नसते. पडद्यावर त्या जागी बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ येणार ते) तिथे कुलूपबंद होतील. मग शेजारी येणारी पट्टी खाली ओढून उजेड थोडा कमी करा. काळं पाकीट असेल तर कॅमेरा ते राखाडी करून दाखवू पाहतो, म्हणून तिथे कमीच करावं लागतं; पांढरा कप असेल तर उलट, अर्धा ते एक स्टॉप वाढवावा लागतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट).

सपाट वस्तू असेल तर कॅमेरा तिच्याशी अगदी समांतर ठेवा, म्हणजे ती अरुंद पट्टी सगळीकडे सारखी पसरेल. वस्तू खोल असेल तर आधी ठरवा की काय धूसर गेलेलं चालेल. सगळंच स्पष्ट हवं असा हट्ट धरून वेगवेगळ्या फोकसचे पंधरा फोटो एकत्र जोडण्याचं तंत्रही आहे, आणि कीटकांच्या किंवा दागिन्यांच्या फोटोंना ते शोभतं. इथे मला ते पटत नाही. नजर कुठे थांबावी हे तुम्हीच सांगायला हवं.

एक पाकीट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

हे सगळं एकत्र कसं येतं ते एका जुन्या चामडी पाकिटावर पाहू. यादीत ते होतं, आणि वाक्य असं लिहिलं होतं : ‘माझ्या बसण्याचा बाक त्याला आलाय.’ मागच्या खिशात ठेवून ठेवून पाकीट वाकतं. टेबलावर ठेवलं तरी सपाट पडत नाही, एक कोपरा वर उचललेला राहतो. आतल्या कार्डांच्या कडा बाहेरच्या चामड्यावर उमटतात : चार सरळ रेघा आणि एक गोल कोपरा. जिथे ते दुमडतं तिथे वरचा रंग गेलाय, आतलं करड्या रंगाचं चामडं दिसतंय, आणि शिवणीचे दोन-तीन टाके तुटलेत.

यात किमान तीन फोटो आहेत, आणि तिन्ही एकाच चौकटीत कोंबले तर एकही राहत नाही. वाक्य बाकाबद्दल आहे, म्हणून बाकाचा फोटो आधी. कॅमेरा टेबलाच्या उंचीवर, पाकिटाच्या कडेला समोर ठेवून. उजेड मागच्या-बाजूच्या खिडकीतून, म्हणजे उचललेल्या कोपऱ्याखाली सावलीची एक पाचर तयार होईल. ती पाचर हाच विषय. पार्श्वभूमीला करडा कागद, टेबलाची कड दिसणार नाही असा मागे वर वळवलेला. फोकस कोपऱ्याच्या टोकावर, मागचा भाग विरघळलेला.

कार्डांच्या रेघांसाठी कॅमेरा थेट वर, समांतर. उजेड रेघांना काटकोनात यायला हवा. रेघेच्याच दिशेने आला तर ती नाहीशी होते. पाकीट ९० अंशांत फिरवून पाहिलंत की लगेच समजेल. चौकटीत पाकिटाची एकही कड येऊ देऊ नका. बघणाऱ्याला क्षणभर कळणार नाही की हे काय आहे, आणि तेवढा क्षण तो रेघाच बघत राहील.

शिवणीचा फोटो कदाचित लागणारही नाही. तुटके टाके बहुतेक सगळ्या जुन्या पाकिटांत असतात. काढून ठेवा, पण शेवटच्या निवडीत त्याचा आग्रह नको.

किती जवळ जायचं, आणि हात दाखवायचा का

प्रत्येक खुणेचे तीन अंतरांवरून फोटो घ्या : वस्तू ओळखता येईल इतकं लांब, निम्मी दिसेल इतकं जवळ, आणि फक्त खूण भरेल इतकं जवळ. नवखे लोक पहिल्या अंतरावर थांबतात आणि मग चित्र कॅटलॉगमधल्या मालासारखं दिसतं. काही जण लगेच तिसऱ्यावर उडी मारतात, आणि सगळ्या वस्तूंची एकसारखी खडबडीत जमीन होऊन जाते. मधलं अंतर सर्वांत कठीण आणि बहुतेक वेळा सर्वांत फलदायी असतं. तिथे वस्तू कळते आणि तरी खूणच बोलते.

हात चौकटीत घ्यावा का, असा प्रश्न पडतोच. माझं उत्तर शक्यतो नाही. हात आला की नजर त्वचेकडे, नखांकडे जाते आणि वस्तू मागे पडते. हाताची जागा रिकामी ठेवली की ती झिजलेली जागाच हात दाखवते.

पार्श्वभूमी साधी ठेवा, आणि सगळ्या फोटोंना एकच. करडा किंवा मळकट पांढरा कागद बरा. शुभ्र पांढऱ्यावर वस्तू विक्रीला ठेवल्यासारखी वाटते. वस्तू जिथे रोज पडलेली असते तिथेच, म्हणजे टेबलाच्या खणात किंवा उशीशेजारी, फोटो काढायचे असतील तर तेही चालेल, पण मग सगळे तसेच काढा. अर्धे कागदावर आणि अर्धे खणात असं नको.

संगणकावर थोडंच

कापणं, रंगाचा समतोल, थोडा कॉन्ट्रास्ट, इतकं पुरे. टेक्स्चर किंवा क्लॅरिटीची पट्टी जास्त ओढली की दोन वर्षांची झीज वीस वर्षांची दिसायला लागते, आणि ते खोटं आहे. डाग पुसण्याचं साधन फक्त उडवायच्या राहिलेल्या धुळीवर चालवा. कृष्णधवल करायचं तर सगळी मालिका करा. रंग हाच पुरावा असेल, जसं घामाचा काळपट डाग किंवा उन्हाने उडालेला निळा, तर रंगच ठेवा.

निवड आणि क्रम

दहा-बारा वस्तूंचे मिळून बरेच फोटो जमतील. ते लहान आकारात छापून घ्या आणि जमिनीवर पसरा. पडद्यावर एकेक फोटो सरकवत निवड करू नका, कारण पडद्यावर प्रत्येक फोटो एकटा असतो आणि इथे त्यांचं एकमेकांशी जमलं पाहिजे. सात ते नऊ फोटो पुरेसे होतात. त्याहून जास्त झाले तर दोन फोटो बहुधा एकच गोष्ट सांगत असतात. त्यांतला देखणा काढून टाका आणि खरा ठेवा.

क्रम लावताना वस्तूंचे प्रकार विसरा आणि शरीराचे अवयव आठवा. दातांच्या खुणांची पेन्सिल, नाकावरचा चष्मा, कमरेचा पट्टा, पायातला बूट, असं लावलं की चेहऱ्याशिवाय एक माणूस उभा राहतो. हा एकच क्रम आहे असं नाही. सकाळ ते रात्र असाही लावता येईल, किंवा सर्वांत जुन्या झिजेपासून सर्वांत ताज्या ओरखड्यापर्यंत. पण क्रमाला कारण हवं, आणि सुरुवातीचा फोटो पटकन ओळखू न येणारा असला तर बघणारा मंदावतो.

फोटोखाली गोष्टी लिहू नका. वस्तूचं नाव आणि किती वर्षं वापरात, एवढंच : ‘कमरपट्टा, ११ वर्षं.’ बाकीचं बघणाऱ्याने शोधायचं आहे.

प्रिंट काढणार असाल तर एखादा तरी फोटो वस्तूपेक्षा पुष्कळ मोठा छापून पाहा. अमेरिकन छायाचित्रकार अर्विंग पेन यांनी १९७२ च्या सुमारास रस्त्यावर फेकलेली सिगारेटची थोटकं उचलून त्यांच्या मोठ्या प्लॅटिनम प्रिंट केल्या, आणि १९७५ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लागल्या. बोटाएवढी वस्तू हातभर झाली की तिच्याकडे बघण्याची पद्धतच बदलते. पेन्सिलीचं चावलेलं टोक यासाठी उत्तम.

लोकांना दाखवण्याआधी

आपल्या वस्तू आपल्याबद्दल जितकं सांगतात असं वाटतं, त्याहून जास्त सांगतात. किल्लीचे दाते स्पष्ट दिसणारा फोटो कुठेही टाकू नका. फोटोवरून किल्लीची नक्कल करता येते, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी २००८ मध्येच दाखवून दिलं आहे. झीज बहुधा किल्लीच्या डोक्यावर असते, तेवढंच घ्या. पाकिटातून डोकावणारं कार्ड, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, डायरीतला पत्ता किंवा फोन नंबर, चष्म्याच्या काचेत उलटा दिसणारा संगणकाचा पडदा, हे सगळं फोटो १०० टक्क्यांवर मोठा करून तपासा. फोटोच्या फाइलमध्ये जागेची माहिती साठवलेली असते, ती पाठवण्याआधी काढून टाका. मोबाईलच्या शेअर करण्याच्या पर्यायांत किंवा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये तशी सोय बहुधा मिळते. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या वस्तू मालिकेत येत असतील तर त्यांना विचारा.

आणि प्रत्येक फोटोसाठी चार गोष्टी वहीत लिहून ठेवा : कोणती लेन्स, किती अंतर, खिडकी कुठल्या बाजूला, दिवसाची कोणती वेळ. वर्षा-दोन वर्षांनी तोच पट्टा, तेच पाकीट पुन्हा त्याच चौकटीत टिपायचं असेल तर ही टिपणं लागतील. अंतर किंवा उजेड बदलला असेल, तर दोन फोटोंत दिसणारा फरक झिजेचा की खिडकीचा, हे तुम्हालाच सांगता येणार नाही.